ॲक्रिलिकमध्ये वारकरी रंगवताना: चेहरा पातळ, फेटा जाड

ॲक्रिलिकमध्ये माणूस रंगवायला घेतला की नवशिक्याला दोन गोष्टी हव्या असतात. चेहरा ओळखू आला पाहिजे, आणि चित्राला टेक्श्चर पाहिजे, म्हणजे हात फिरवला तर कळेल असा खरा उंचसखलपणा. दोन्ही मागण्या रास्त आहेत. अडचण येते ती दोन्ही एकाच जागी उरकायला गेल्यावर. गालावर टेक्श्चरची घट्ट पेस्ट थापली की तिच्या प्रत्येक उंचवट्याची खरीखुरी सावली पडते, आणि ती पडते खोलीतल्या दिव्याप्रमाणे. तुम्ही रंगानं दाखवलेली गालाची सावली मात्र फोटोतल्या उजेडाप्रमाणे असते. दोन सावल्या एकमेकींना छेद देतात आणि गालाचा गोलवा मोडतो.

म्हणून या पद्धतीत वाटणी आधीच ठरवून टाकायची. चेहरा पातळ रंगात. फेटा, दाढी, माळ आणि पार्श्वभूमी पेस्टमध्ये. पेस्ट आधी, रंग नंतर. एवढं पाळलं तर पहिल्याच चित्रात समाधान वाटेल असं काहीतरी हाती लागतं.

सरावासाठी विषय निवडलाय म्हाताऱ्या वारकऱ्याचा. डोक्याला पांढरा फेटा, कपाळी गंध आणि बुक्का, पांढरी दाढी-मिशी, गळ्यात तुळशीची माळ. यातली प्रत्येक गोष्ट टेक्श्चरची एकेक वेगळी रीत शिकवते, आणि आषाढीच्या सुमारास असे चेहरे आपल्या आसपास असतातच.

फोटो

चित्र निम्मं फोटोतच ठरतं. वारीत फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. “माउली, तुमचा फोटो काढू का? चित्र करायचंय,” म्हटलं तर बहुतेक जण आनंदानं थांबतात, आणि नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे व्हायचं.

पाच-सहा फूट लांब उभं राहा आणि फोनवर दुप्पट झूम लावा. अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे पळतात, आणि ते चुकीचं माप चित्रात जसंच्या तसं उतरतं. उजेड एका बाजूनं हवा. आषाढातलं ढगाळ आभाळ चेहरा मऊ दाखवतं खरं, पण सपाटही करतं. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. मंडपाच्या कडेला किंवा घराच्या दारात, जिथे एका अंगानं उजेड येतो, तिथे त्यांना बसवलंत तर अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा सावलीत असा फोटो मिळतो. तोच आपल्याला हवा.

घरी आल्यावर त्या फोटोची कृष्णधवल प्रत करून ठेवा. रंग मोह घालतात. काळा-पांढरा फोटो फिकट काय आणि गडद काय तेवढंच सांगतो. उठाव आधी छायाप्रकाशातून येतो, पेस्ट त्यात नंतर भर घालते. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते जलरंगात आहे, कागदावर जाडी नाहीच, तरी बोटांमधून झिरपणारा उजेड खरा वाटतो. टेक्श्चरच्या नादाला लागण्याआधी ते चित्र निदान छापील स्वरूपात तरी नीट पाहून घ्या.

सामान

पाया म्हणून कॅनव्हासऐवजी ६ मिलिमीटर जाडीचा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा) तुकडा घ्या, १२ बाय १६ इंचांचा. सुताराकडे किंवा प्लायवूडच्या दुकानात कापून मिळतो. ताणलेला कॅनव्हास दाबला की लवतो आणि जाड पेस्टला त्यानं तडे जाऊ शकतात. बोर्ड हलत नाही. त्यावर जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या, मधे बारीक पॉलिश पेपर फिरवा, आणि मागच्या बाजूलाही एक हात द्या, नाहीतर बोर्ड वाकतो.

रंग सहाच पुरेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन ब्लू. काळी ट्यूब सध्या घेऊच नका. सावली काळ्यानं केली की कातडी मळकट दिसते.

ब्रश सिंथेटिक, दोन चपटे आणि दोन गोल, शिवाय केस फिसकटलेला एखादा जुना राठ ब्रश. पेंटिंग नाइफ एकच, लहान, टोकदार पानाची. घरातून रुंद दातांचा कंगवा, जुना टूथब्रश, पाण्याची फवारणी बाटली आणि मेंदीचे दोन-तीन रिकामे कोन. कोनाचं काम पुढे सांगतो आहे, तो टाळू नका.

पेस्ट तयार मिळते, मॉडेलिंग पेस्ट किंवा टेक्श्चर पेस्ट या नावानं. पहिल्या सरावासाठी घरीही करता येते: एक वाटी चॉक पावडर, अर्धी वाटी फेविकॉल, पाव वाटी पांढरा ॲक्रिलिक, आणि लागेल तसं चमचा-चमचा पाणी. श्रीखंडाइतकी घट्ट झाली की थांबा. मात्र ही सरावाचीच. फेविकॉल काळानं पिवळट पडतो आणि ओल लागली की मऊ होतो, त्यामुळे कुणाला द्यायचं किंवा विकायचं चित्र असेल तर तयार पेस्टच वापरा. भिंतीला लावायची सिमेंटची पुट्टी कॅनव्हासवर कधीही नको.

रेखाटन

बर्न्ट सिएना पाण्यात पातळ करून त्याच रंगानं रेखाटन करा. पेन्सिलचा शिसा वरच्या पातळ रंगात मिसळून मळ धरतो. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर असतात. फेट्यामुळे डोक्याचा माथा दिसत नाही आणि नवशिके डोळे हमखास वर चढवतात, म्हणून फेट्याच्या आत माथा कुठे असेल तिथे एक बारीक खूण करा आणि मग अर्धं माप घ्या. हात अजून बसलेला नसेल तर फोटोवर आणि बोर्डवर चौकटी आखून उतरवा. त्यात काही कमीपणा नाही.

रेखाटन झालं की जिथे जिथे पेस्ट येणार तिथे सीमारेषा आखा. पेस्ट एकदा वाळली की खरवडून काढणं जिवावर येतं.

पेस्ट: फेटा, दाढी, माळ

फेट्यापासून सुरुवात करा. नाइफवर थोडी पेस्ट घ्या आणि कापडाचा वेढा ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं ओढा. कपाळावरून तिरपा वर गेलेला वेढा तिरपाच ओढायचा, त्याखालून आलेला त्याच्या पोटात घुसवायचा. आडवे फराटे मारले तर फेटा दिसत नाही, नुसता चुना लावल्याचा भास होतो. उजेडाच्या बाजूला थर जाड ठेवा, सावलीकडे जाताना पातळ करत आणा, आणि अगदी गडद भागात पेस्ट नकोच. उंचवटा उजेड पकडतो. सावलीत उंचवटे केले तर तिथेही चकाके येतात आणि सावली फुटते.

एका वेळी ३ मिलिमीटरहून जाड थर देऊ नका. जास्त उंची हवी असेल तर पहिला थर वाळू द्या, मग दुसरा. जाड थराची वरची साय आधी वाळते, आतली पेस्ट नंतर आकसते आणि तडा जातो. याच कारणासाठी हेअर ड्रायर वापरू नये. पंखा चालेल, तोही लांबून. उन्हाळ्यात एका रात्रीत वाळेल, पावसाळ्यात दोन दिवस धरून चाला. परदेशात थंडीत, गॅरेजमध्ये किंवा तळघरात काम करणाऱ्यांनी एवढं पाहावं की खोली १० अंश सेल्सिअसच्या खाली नसावी. त्याहून थंडीत ॲक्रिलिकचा थर नीट जुळून येत नाही आणि नंतर भुगा सुटू शकतो.

फेट्याची कपाळाला टेकलेली कड ही या चित्रातली सगळ्यात नाजूक जागा. पेस्ट ओली असतानाच ओल्या ब्रशनं ती कड कपाळाकडे उतरती करत आणा. तिथे पायरी राहिली तर फेटा कपाळावर चिकटवल्यासारखा दिसतो आणि नंतर कितीही रंग लावा, ती पायरी जात नाही.

दाढीसाठी पेस्ट दोन मिलिमीटर पसरा आणि लगेच कंगव्यानं, मग ब्रशच्या मागच्या टोकानं ओरखडे काढा. केस हनुवटीपाशी खाली, गालांवर तिरपे, आणि मिशीत नाकाखालच्या खळीपासून दोन्हीकडे जातात. कंगवा एकसारख्या रेघा काढतो, त्या ब्रशच्या टोकानं जागोजाग मोडा, काही बटा एकमेकींवर चढवा. ही युक्ती जुनी आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्राँटचं १६२८ च्या सुमाराचं तरुणपणीचं आत्मचित्र आहे. त्यात कुरळ्या केसांवरचा उजेड त्यानं ओल्या तैलरंगात ब्रशच्या दांडीनं ओरखडूनच काढलाय. चेहऱ्याचा मोठा भाग मात्र सावलीत ठेवलाय.

दाढी गालाला मिळते तिथे ओरखडे विरळ करत न्या. शेवटचे दोन-चार केस रंगानंच काढायचे आहेत, पेस्टनं नाही.

आता मेंदीचा कोन. त्यात पेस्ट भरा, टोक जरा मोठं कापा आणि माळेच्या रेषेवर मणी सोडा. कोन उभा धरायचा, दाबायचा, दाब सोडायचा आणि मग उचलायचा. दाब न सोडता उचललात तर मण्याला शेंडी येते. ती पाण्यात बुडवलेल्या बोटानं अलगद बसवा. समोरचे मणी मोठे आणि सुटे, मानेच्या बाजूला वळताना लहान आणि खेटून. माळ गळ्याभोवती फिरली आहे हे त्या लहानमोठेपणातूनच कळतं. ज्यांचा हात मेंदीनं बसलाय त्यांना हे काम पहिल्या खेपेला जमेल.

पार्श्वभूमीला एकच परिणाम निवडा. चुरगळलेला टिश्यू पेपर ग्लॉस मीडियमनं (रंगात मिसळायच्या पारदर्शक ॲक्रिलिक द्रवानं) चिकटवला की जुन्या भिंतीचे पापुद्रे दिसतात. बँडेजची जाळी लावली तर विणीचा ठसा येतो. बांधकामाची वाळू चाळून, धुऊन, वाळवून पेस्टमध्ये मिसळली तर मातीची भिंत होते. समुद्राची वाळू मात्र नको, तिच्यातलं मीठ ओल धरतं. रवा, साबुदाणा, डाळी चिकटवलेली चित्रं हल्ली बरीच दिसतात. त्यांना कीड लागते, पावसाळ्यात बुरशी येते. खाण्याच्या वस्तू चित्रात नकोत, असं माझं ठाम मत आहे. आणि चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला बोटभर जागा शांत, सपाट ठेवा, म्हणजे नजर चेहऱ्यावरच थांबते.

पहिला वॉश (पातळ रंगाचा हात)

सगळं खडखडीत वाळल्यावर पेस्टच्या भागावर मीडियमचा एक पातळ हात द्या, कारण कोरडी पेस्ट रंग शोषून घेते आणि मग पुसता येत नाही. तो वाळला की बर्न्ट अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन आणि भरपूर पाणी घालून फेट्याच्या तळहाताएवढ्याच भागावर लावा. अर्ध्या मिनिटात ओलसर सुती फडक्यानं वरून पुसा. फडकं दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. वरचे कंगोरे पांढरे होतात, खाचांमध्ये रंग राहतो, आणि आतापर्यंत नुसती पांढरी पेस्ट असलेल्या जागी कापडाचे वेढे सुटे दिसायला लागतात. मग शेजारचा भाग घ्या. एकदम सगळ्यावर वॉश देऊ नका. ॲक्रिलिक मिनिटांत पकडतं, आणि वाळलेलं पाण्यानं निघत नाही.

दाढीला हाच वॉश अधिक निळसर आणि फिका द्या. माळेला बर्न्ट अंबर गडद लावा आणि फक्त मण्यांचे माथे पुसा.

चेहरा

इथे वेळ द्यायचा. आधी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून पातळ रंगात फक्त तीन छटा लावा: गडद, मधली, उजळ. कृष्णधवल फोटो शेजारी ठेवा आणि डोळे किलकिले करून दोन्ही पाहा. या टप्प्याला माणूस ओळखू आला नाही तर पुढे रंगांनी ओळखू येणार नाही, तेव्हा इथेच दुरुस्त करा.

उन्हात राबलेल्या आपल्याकडच्या कातडीसाठी मधला रंग असा जमतो: यलो ओकर तीन भाग, बर्न्ट सिएना दोन भाग, क्रिमसनचा ठिपका आणि थोडा पांढरा. सावलीसाठी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, त्यात जरासा क्रिमसन. उजळ भागासाठी मधल्या रंगात आधी ओकर वाढवा, मग पांढरा. नुसता पांढरा घातला की कातडी पिठूळ आणि निर्जीव होते, आणि सावळ्या चेहऱ्याचं तेज नेमकं तिथेच मरतं. सावळा रंग म्हणजे पांढऱ्याची वजाबाकी नव्हे. त्यात तांबूस, पिवळा, जांभळट असे कितीतरी थर असतात, आणि ते दाखवणं हाच या कामातला खरा आनंद आहे. कपाळ जरा पिवळसर, नाक-गाल-कान तांबूस, जबडा आणि हनुवटी निळसर राखाडी, एवढा फरक ठेवला तरी चेहरा जिवंत होतो.

ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, कारण ओल्या रंगातलं दुधाळ बाइंडर (रंगकण धरून ठेवणारा चिकट भाग) वाळून पारदर्शक बनतं. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका कागदावर लावून वाळू द्या आणि मगच ते चेहऱ्यावर वापरा. पॅलेटवर फवारा मारत राहा. छटा एकमेकींत विरघळवायच्या असतील तर एका थरात हट्ट धरू नका. मीडियम घालून पारदर्शक केलेला रंग, म्हणजे ग्लेझ, वाळलेल्या थरावर पुन्हा पुन्हा फिरवा. नुसत्या पाण्यानं फार पातळ केलेल्या रंगात बाइंडर कमी पडतं आणि थर कच्चा राहतो.

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. तो मधल्या रंगात थोडा पांढरा आणि निळा घालून करा, आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडलीच पाहिजे. सुरकुती म्हणजे रेघ नव्हे. तिला एक गडद कड असते आणि लगेच शेजारी उजळ कड. दोन्ही हळूहळू कातडीत मिळतात. फोटोतल्या सगळ्या सुरकुत्या काढू नका, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या आणि कपाळावरच्या ठळक तेवढ्या घ्या.

गंध आणि बुक्का सगळ्यात शेवटी. गंधासाठी ओकर आणि पांढरा, बुक्क्यासाठी अंबर-अल्ट्रामरीनचं दाट मिश्रण. ब्रश जवळजवळ कोरडा करून टिपा, कारण बुक्का ही पूड आहे, तिची कड धारदार दिसता कामा नये. गंधाची रेघ कपाळाच्या गोलाव्याबरोबर किंचित वळू द्या, आणि सावलीच्या बाजूला ती गडद करा.

कोरडा ब्रश

आता पुन्हा फेट्याकडे. पांढऱ्या कापडाच्या सावल्या निळसर जांभळ्या राखाडी असतात: अल्ट्रामरीन, चिमूटभर बर्न्ट सिएना, पांढरा. त्या खोलगट भागात ग्लेझनं द्या. मग चपटा ब्रश रंगात बुडवून जुन्या कापडावर पुसून घ्या, जवळजवळ काही उरत नाही इतका, आणि ब्रश आडवा धरून कंगोऱ्यांवरून फिरवा. रंग फक्त माथ्यांना लागतो. या वेळी पांढऱ्यात थोडा ओकर ठेवा. शुद्ध टायटॅनियम व्हाइट फक्त दोन-तीन जागी, उजेडाच्या अगदी समोर असलेल्या वेढ्यांवर. दाढीलाही हेच, पण आणखी हलक्या हातानं.

नंतरची काळजी

पेस्ट घासायची वेळ आली तर पाणी लावून घासा आणि तोंडाला मास्क बांधा. पेस्टचे ब्रश आणि नाइफ आधी कागदानं पुसून मगच धुवा, नाहीतर बेसिनचा पाइप तुंबतो.

वॉर्निश आठवडाभरानं, पातळ हातांनी. फवाऱ्याचं वॉर्निश बरं, कारण ब्रशनं लावलं तर ते खाचांमध्ये साचून पांढुरकं होतं. मॅट निवडा. चकचकीत वॉर्निशमध्ये प्रत्येक उंचवटा दिवा दाखवतो आणि चेहरा त्यात हरवतो. वाळलेलं ॲक्रिलिकही उन्हाळ्यात मऊ पडतं, त्यामुळे चित्रं एकावर एक रचू नका आणि बबल रॅप रंगाला टेकवून गुंडाळू नका. फुग्यांचे ठसे उमटतात.

टांगताना खोलीतला उजेड कुठल्या बाजूनं येतो ते पाहा. चित्रात उजेड डावीकडून असेल तर खिडकी किंवा दिवा डावीकडेच हवा, म्हणजे पेस्टच्या खऱ्या सावल्या आणि रंगवलेल्या सावल्या एकाच दिशेला पडतील. उलट्या भिंतीवर लावलं तर फेट्याचे वेढे आत गेल्यासारखे दिसू शकतात.

हे जमलं की पुढच्या चित्राला नऊवारीतली बाई घ्या. तुशीचे बारीक मणी आणि नथीचे मोती त्याच मेंदीच्या कोनातून येतात, फक्त टोक अगदी बारीक कापायचं. पैठणीच्या नारळी काठासाठी जाड प्लॅस्टिकच्या शीटमध्ये एक नक्षी कापून स्टेन्सिल करा, त्यावरून नाइफनं पेस्ट ओढा आणि शीट सरळ वर उचला. काठ निऱ्यांवरून जातो तिथे स्टेन्सिल तुटक वापरा. निरीच्या आत दबलेली नक्षी पेस्टनं नाही, रंगानंच सुचवा.